मॉनिटर खोटा, भुर्दंड रंगाऱ्याला

कापडाच्या व्यापारात रंग पाहण्याची एक जुनी रीत आहे. गिऱ्हाईक ताग्याचे टोक हातात घेते, दुकानाच्या पायरीवर जाते आणि उजेडात पाहते. दुकानातल्या दिव्याखाली दिसणाऱ्या रंगावर जाणते गिऱ्हाईक भरवसा ठेवत नाही आणि जाणता दुकानदार त्याला अडवतही नाही. आता मात्र आपला बराचसा व्यापार व्हॉट्सॲपवरच्या फोटोवर चालतो. गिऱ्हाईक नांदेडला, नागपूरला, बेळगावला बसलेले असते. त्याला पायरीवर जाण्याची सोय राहिलेली नाही. आपण पाठवलेला फोटो हाच त्याचा उजेड. आणि ज्या पडद्यावर पाहून तो फोटो दुरुस्त केला जातो, त्या मॉनिटरची खरेदी आपल्या बहुतेक पेढ्यांवर घरचा टीव्ही घ्यावा तशी होते. किती इंच आणि किती रुपये, एवढ्या दोन प्रश्नांवर सौदा उरकतो.

आमचे मत असे आहे की, कापडाच्या व्यापाऱ्याने मॉनिटरमध्ये रंगाचा खरेपणा तेवढा विकत घ्यावा, बाकी कशाचे पैसे देऊ नयेत. आणि आपल्या पेढीवरचा पडदा खरा आहे याची खात्री होईपर्यंत, फोटोवरून आलेल्या तक्रारीचे पैसे रंगाऱ्याच्या बिलातून कापू नयेत.

दुसरी गोष्ट आधी सांगतो, कारण तिच्यात गरिबाचे पैसे अडकले आहेत. मागच्या लग्नसराईत आमच्या ओळखीच्या एका पेढीवर असे घडले. डाळिंबी रंगाच्या साड्यांचा फोटो विदर्भातल्या एका दुकानदाराला पाठवायचा होता. पेढीवरच्या लॅपटॉपवर तो फोटो मंद वाटला, म्हणून काम करणाऱ्या मुलाने त्यात लाल चढवला. लॅपटॉपवर रंग ठीक दिसू लागला आणि फोटो गेला. दुकानदाराच्या मोबाइलवर तोच रंग कुंकवासारखा लालभडक दिसला. त्याने त्या भरवशावर ऐंशी साड्या मागवल्या. माल पोहोचला तेव्हा तो लाल नसून डाळिंबी निघाला आणि सगळ्या साड्या परत आल्या. जाण्या-येण्याचे भाडे पेढीच्या अंगावर पडले. पेढीने ते 'शेड फरक' म्हणून रंगाऱ्याच्या बिलातून वळते करून घेतले. वास्तविक रंगाऱ्याने पास झालेला नमुना जपून ठेवला होता. आम्ही तो नमुना आणि परत आलेली साडी उन्हात शेजारी धरून पाहिली. दोघांत बोट ठेवायला जागा नव्हती. पण रंगाऱ्याचे ऐकणार कोण? त्याला पुढचा लॉट हवा असतो, म्हणून तो गप्प बसतो.

शेड फरकाची कपात आपल्याकडे जुनीच आहे आणि रंग खरोखर चुकला असेल तर ती रास्तही आहे. पण पूर्वी वाद झाला की दोन कापडे शेजारी ठेवली जात. आता एका बाजूला कापड असते आणि दुसऱ्या बाजूला कोणाच्या तरी मोबाइलमधला फोटो. त्या फोटोला साक्षीदार धरले जाते. साक्षीदार खरा की खोटा, याची चौकशी कोणी करत नाही.

रंगाच्या नावांवरही काम भागत नाही. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. तिथला 'उन्नाबी' गिऱ्हाइकाच्या मराठीत कधी डाळिंबी होतो, कधी आमसुली. आमचा 'फिरोजी' आणि सोलापूरच्या दुकानदाराचा मोरपंखी यांची सीमा कुठे आहे, हे तो किंवा आम्ही, कोणीच सांगू शकणार नाही. राणी, अबोली, वांगी, बदामी, मोतिया ही सगळी नावे समोर कापड असेल तेव्हाच कामाची. दूरच्या सौद्यात सगळा भार फोटोवर येतो.

आता मॉनिटर खोटा रंग का दाखवतो ते पाहू. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका लाल, हिरवा आणि निळा अशा तीन उजेडांच्या मिश्रणातून रंग तयार करतो. हे तीन मूळ रंग किती गडद असावेत, याचे एक माप एचपी आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी १९९६ मध्ये सुचवले आणि १९९९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झाले. त्याचे नाव एसआरजीबी. इंटरनेटवर आणि मोबाइलवर फिरणारे बहुतेक फोटो याच मापाने वाचले जातात. आपल्या भाषेत सांगायचे तर हा कापड मोजण्याचा गज आहे. आता एखादा माणूस छत्तीस इंचांऐवजी पंचवीस इंचांचा गज घेऊन बसला, तर त्याला प्रत्येक माप चुकीचेच दिसणार. स्वस्त लॅपटॉपच्या पडद्याचे नेमके हेच आहे. त्याच्या कागदावर बारीक अक्षरात '४५ टक्के एनटीएससी' असे लिहिलेले असते. एनटीएससी हे अमेरिकेतल्या टीव्हीचे १९५३ चे माप. त्याचे ७२ टक्के झाले की साधारण पूर्ण एसआरजीबी होते. म्हणजे ४५ टक्केवाला पडदा सुमारे साठ टक्क्यांतच आटोपतो. अशा पडद्यावर डाळिंबी मंद दिसतो, मुलगा त्यात लाल चढवतो, आणि पुढे काय होते ते वर आलेच आहे.

उलटी चूकही असते आणि ती अलीकडे वाढते आहे. काही मॉनिटर एसआरजीबीपेक्षा पुष्कळ जास्त गडद रंग दाखवतात आणि जाहिरातीत त्याचाच गवगवा असतो. हा चाळीस इंचांचा गज झाला. त्यावर साधा लाल पेटल्यासारखा दिसतो, मग मुलगा तो उतरवतो आणि गिऱ्हाइकाला फोटो फिका जातो. अशा मॉनिटरमध्ये 'एसआरजीबी मोड' असेल आणि तो लावून काम केले तर हरकत नाही. तो नसेल तर आपल्या कामापुरता तो मॉनिटर सोडून द्यावा, मग कितीही स्वस्त मिळो.

पॅनेलच्या जातीबद्दल थोडे बोलले पाहिजे. बाजारात मुख्यतः तीन जाती चालतात. टीएन ही जुनी आणि स्वस्त जात. तिच्यासमोर मान जरा वरखाली केली की रंग बदलतो. एकाच साडीचा पदर वरच्या बाजूला एका रंगाचा आणि खालच्या बाजूला दुसऱ्या रंगाचा दिसतो, मग फोटो दुरुस्त करायचा तरी कशाच्या आधारावर? नवीन मालात ही जात कमी झाली आहे, जुन्या मालात अजून सापडते. व्हीए जातीत काळा रंग फार खोल दिसतो, सिनेमा पाहायला छान. पण समोरून पाहताना तिच्यात अगदी गडद छटा एकमेकांत मिसळून जातात आणि बाजूने पाहिल्यास त्याच फिक्या पडतात. आयपीएस या जातीत काळा रंग व्हीएइतका खोल नसतो, पण कोठूनही पाहिले तरी रंग बऱ्यापैकी तोच राहतो. पेढीवर मालक, मुलगा आणि कारागीर असे तिघे एका पडद्याभोवती उभे राहून रंग ठरवतात. तिघांना एकच रंग दिसायचा असेल तर आयपीएसशिवाय इलाज नाही.

बुरखा आणि नकाबच्या कापडाचा व्यापार करणाऱ्या बांधवांना हे विशेष करून सांगणे आहे. नीदाचा काळा वेगळा, जॉर्जेटचा वेगळा, कोणात तपकिरी झाक तर कोणात निळी. गिऱ्हाईक तेवढ्यावरून माल पसंत करते किंवा परत करते. काळ्या कापडाच्या फोटोत चुण्या, शिलाई आणि काळ्यावरचे काळे भरतकाम दिसले पाहिजे. ज्या पडद्यावर हे सगळे एकच डाग होऊन बसते, त्यावर काम करणारा मुलगा फोटो उजळत जातो आणि शेवटी काळे कापड राखाडी करून पाठवतो. हा धंदा करणाऱ्याने मॉनिटर घेताना दुसरे काही तपासले नाही तरी चालेल, काळा जरूर तपासावा.

दुकानदार मात्र आपल्याला भलत्याच गोष्टी दाखवतो. एकशे चौवेचाळीस हर्ट्झ, एकशे ऐंशी हर्ट्झ हे आकडे खेळ खेळणाऱ्या मुलांसाठी आहेत. साडीचा फोटो हलत नसतो, त्याला साठ हर्ट्झ पुष्कळ झाले. वाकड्या पडद्याचे पैसे देऊच नयेत, त्यावर साडीचा सरळ काठ तपासणे अवघड जाते. खोक्यावर छापलेले एचडीआरचे शिक्केही स्वस्त मॉनिटरमध्ये आपल्या कामाचे नसतात. मोठा टीव्हीच मॉनिटर म्हणून लावण्याची युक्ती काही ठिकाणी पाहिली. टीव्ही चित्र सुंदर करून दाखवण्यासाठी बनवलेला असतो, कडा टोकदार करतो, रंग चढवतो. आपल्याला सुंदर करून दाखवणारा नको आहे. ते काम आपल्याकडे मुकादमसुद्धा करतो.

आकार किती असावा? चोवीस इंच आणि १९२० बाय १०८० ठिपके, हे कमी बजेटात बरोबर बसते. सत्तावीस इंच घ्यायचा असेल तर २५६० बाय १४४० ठिपक्यांचा घ्यावा. सत्तावीस इंचांवर १०८० चा पडदा घेतला तर ठिपके मोठे होतात आणि कापडाची वीण नीट कळत नाही. यात कापडवाल्यांसाठी एक खास गोष्ट आहे. बारीक चौकडी, बारीक पट्टे किंवा उघडी वीण असलेल्या कापडाचा फोटो लहान करून पाहिला की त्यावर पाण्यासारख्या लहरी दिसतात. मुलगा घाबरतो आणि पुन्हा फोटो काढतो. आधी फोटो शंभर टक्के मोठा करून पाहावा. लहरी गेल्या तर दोष पडद्यावर लहान करून दाखवण्याचा होता. राहिल्या तर त्या कॅमेऱ्याने टिपल्या आहेत, तेव्हा अंतर किंवा कोन बदलून पुन्हा काढावा.

किमती महिन्यामहिन्याला हलतात, तरी अंदाज देतो. साध्या चोवीस इंची आयपीएस मॉनिटरची सुरुवात आठ-दहा हजारांच्या आसपास होते. त्यात पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण एसआरजीबी दाखवणारेही मिळतात, पण कारखान्यात प्रत्येक नगाचा रंग जुळवलेला नसतो. आसूसची प्रोआर्ट, बेनक्यूची पीडी, डेलची अल्ट्राशार्प अशा मालिकांमध्ये रंग जुळवून दिलेले मॉनिटर असतात आणि त्यांच्यासाठी साधारण पंधरा हजारांच्या पुढे तयारी ठेवावी लागते. या मॉनिटरच्या कागदावर 'डेल्टा ई दोनपेक्षा कमी' असे लिहिलेले असते. डेल्टा ई म्हणजे हवा असलेला रंग आणि दिसणारा रंग यांतला फरक. तो एकच्या आसपास असेल तर डोळ्याला जेमतेम कळतो. चार-पाच झाला की शेजारी ठेवलेल्या दोन तुकड्यांत रंगारी तो लगेच ओळखेल. आयझोसारखे छापखान्यांत वापरले जाणारे मॉनिटर उत्तमच, पण त्या भावात आपल्या एखाद्या भावाचे दुकान उभे राहते.

दुकानात जाऊन तपासण्याची रीत अशी. आधी दुकानदाराने लावलेला 'व्हिव्हिड' किंवा तसला भडक मोड काढायला लावावा आणि 'स्टँडर्ड' किंवा एसआरजीबी लावून पाहावे. पडदा निदान वीस-तीस मिनिटे चालू असलेला असावा, थंड पडद्याचा रंग बसलेला नसतो. पेन ड्राइव्हवर घरूनच तीन-चार फोटो न्यावेत. एक काळ्या, नेव्ही ब्लू आणि बॉटल ग्रीन कापडांचा एकत्र फोटो. तिन्ही वेगळे ओळखू आले पाहिजेत. एक काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत हळूहळू उजळत जाणारी राखाडी पट्टी. तिच्यात मध्येच गुलाबी किंवा हिरवी झाक आली, किंवा पायऱ्या पडलेल्या दिसल्या, तर तो मॉनिटर ठेवून द्यावा. एक मोतिया आणि एक पांढरा यांचा शेजारी फोटो. मग खुर्चीवरून उठून बाजूला उभे राहून पुन्हा पाहावे. शेवटी पूर्ण पांढरा पडदा लावावा आणि चारही कोपरे सारखे आहेत की एखादा पिवळा पडला आहे ते बघावे. दुकानदार घाई करेल. आपण गिऱ्हाइकाला दहा तागे उलगडून दाखवतो, त्याने पंधरा मिनिटे दिली तर त्याचे काही बिघडत नाही.

जुना मॉनिटर घ्यावा का, असे पुष्कळजण विचारतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांतून निघालेले चांगल्या जातीचे मॉनिटर मिळतात. आमच्या मते तंग हात असलेल्या माणसाने नव्या हलक्या मालापेक्षा जुन्या चांगल्या मालाचा विचार अवश्य करावा, पण अंधाऱ्या जागेत पाहून घ्यावा. मागचा दिवा झिजला की पांढरा रंग पिवळसर होतो आणि कडा काळवंडतात. पांढऱ्या कागदाचा कोरा ताव सोबत न्यावा, तुलनेला बरा पडतो.

घरी आणल्यावर पहिले काम उजेड कमी करण्याचे. खोक्यातून निघालेला मॉनिटर दुकानात उठून दिसावा म्हणून फार प्रखर ठेवलेला असतो. अडीचशे-तीनशे कँडेला हा आकडा कागदावर सापडेल. फोटोच्या कामाला शंभर-एकशे वीस पुरतो. पडदा प्रखर असला की मुलाला फोटो फार उजळ वाटतो, तो काळवंडवून पाठवतो, मग गिऱ्हाईक म्हणते की तुमचा माल फोटोपेक्षा फिका आहे. संगणकात रात्री पडदा पिवळा करणारी 'नाइट लाइट' नावाची सोय असते. ती डोळ्यांना आराम देते आणि रंगाचे वाटोळे करते. पेढीच्या संगणकावर ती बंदच असावी.

पण मॉनिटर कितीही चांगला घेतला आणि फोटोच खोट्या उजेडात काढला, तर सगळे पैसे वाया. आमचा सल्ला आहे की बजेट दहा हजार असेल तर त्यातले दीड-दोन हजार उजेडासाठी बाजूला काढावेत. आपल्या दुकानांतल्या साध्या एलईडी ट्यूब उजेड भरपूर देतात, पण त्यांत लाल कमी पडतो. मरून आणि राणी त्यांच्याखाली मेल्यासारखे दिसतात. दिवा घेताना त्यावर सीआरआय नव्वदच्या वर लिहिले आहे का ते पाहावे. भिंती पोपटी किंवा गुलाबी असतील तर फोटोच्या जागेपुरती भिंत पांढरी किंवा राखाडी करून घ्यावी, कारण भिंतीचा रंग कापडावर उतरतो. काहीशे रुपयांत राखाडी कार्ड मिळते. पहिल्या फोटोत ते कापडाजवळ ठेवले की नंतर संगणकात पांढऱ्याचा मेळ एका क्लिकवर बसतो. सकाळी उत्तरेकडच्या खिडकीचा उजेड मिळत असेल तर दिव्याचाही खर्च नाही.

रंगाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. दोन वेगवेगळ्या रसायनांनी रंगवलेले तुकडे उन्हात एक दिसतात आणि ट्यूबखाली वेगळे, हे ते रोज पाहतात. म्हणून तर कपड्यांच्या मोठ्या निर्यातदारांकडे रंग तपासायला वेगवेगळ्या दिव्यांची पेटी असते. पांढऱ्या कापडाचे आणखी निराळे. टिनोपॉल दिलेले कापड उन्हातल्या न दिसणाऱ्या किरणांना निळसर उजेडात बदलते, म्हणून ते शुभ्र दिसते. एलईडीत ते किरण जवळजवळ नसतात, तेव्हा तेच कापड पिवळट दिसते. इथे रंगाऱ्याचा दोष नाही, कॅमेऱ्याचाही नाही आणि मॉनिटरचाही नाही.

काही रंग तर कोणताही स्वस्त मॉनिटर दाखवू शकत नाही. चमकता फिरोजी, गडद मोरपंखी आणि रेडियमसारखे झळकणारे पोपटी-नारिंगी एसआरजीबीच्या गजात मावतच नाहीत. जरीची झळाळीही स्थिर फोटोत येत नाही. अशा मालासाठी फोटोत झटापट करण्यापेक्षा उजेडात हलवून काढलेला छोटा व्हिडिओ पाठवावा आणि मोठी ऑर्डर असेल तर कुरियरने वीतभर तुकडा पाठवून मगच सौदा पक्का करावा. कुरियरचा खर्च परतीच्या भाड्यापेक्षा कमीच येतो.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. गिऱ्हाईक तर मोबाइलवर पाहणार, त्याच्या मोबाइलचा रंग कसा आहे कोणास ठाऊक, मग आपण खरा मॉनिटर घेऊन काय उपयोग? आमचे उत्तर असे. शंभर गिऱ्हाइकांचे मोबाइल शंभर दिशांना थोडेथोडे चुकतात. आपला पडदा चुकला तर शंभरच्या शंभर फोटो एकाच दिशेला चुकतात आणि वर मोबाइलची चूक त्यात भर घालते. दुसरे म्हणजे, आपल्याच यादीतल्या दोन छटांमधला फरक गिऱ्हाइकाला कळला पाहिजे. तो फरक आपल्याच पडद्यावर बुजला असेल तर पुढे तो कोणालाही सापडणार नाही. शिवाय थेट घरगुती ग्राहकाला ऑनलाइन विकणाऱ्यांवर २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांचे बंधन आहे. जाहिरातीत दाखवल्यासारखा माल नसेल तर तो परत घेण्यास नकार देता येत नाही. तेव्हा 'मोबाइलच्या पडद्यामुळे रंग थोडा वेगळा दिसू शकतो' एवढी ओळ खाली छापून सुटका होईल, असे कोणी समजू नये.

हेही सांगितले पाहिजे की प्रत्येकाला मॉनिटर लागत नाही. महिन्याला दहा-पंधरा फोटो पाठवणाऱ्या जरदोजी कारागिराने किंवा घरी शिवणकाम करणाऱ्या बहिणीने यात पैसे घालू नयेत. चांगल्या मोबाइलमध्ये पडद्याच्या सेटिंगमध्ये 'व्हिव्हिड' ऐवजी 'नॅचरल' असा पर्याय असतो. तो लावावा, खिडकीजवळ फोटो काढावा, रंगाला हात न लावता पाठवावा. मॉनिटर त्याने घ्यावा, ज्याच्याकडे रोज फोटो दुरुस्त होतात आणि ज्याच्या फोटोवर दुसऱ्याचे बिल अवलंबून असते.

खरेदीचे बिल पेढीच्या जीएसटी नंबरवर घ्यावे. मॉनिटरवर १८ टक्के कर आहे. नियमित नोंदणी असलेल्याला तो वळता मिळतो, कंपोझिशनमध्ये असलेल्याला मिळत नाही. बिलाशिवाय हजार रुपये वाचवणारा नियमित व्यापारी दीड हजारांचा वळता कर आणि वॉरंटी दोन्ही घालवतो.

राहिला प्रश्न रंग जुळवण्याच्या यंत्राचा. पडद्यावर लावून त्याचा रंग मोजणारे आणि दुरुस्त करणारे छोटे यंत्र डेटाकलर, कॅलिब्राइट या कंपन्या विकतात. सोबत चालणारी आर्गिल नावाची प्रणाली तर फुकट मिळते. डोळ्याच्या अंदाजाने पडदा लावणे आणि यंत्राने लावणे यांत हाताने टाकलेला धागा आणि ओळंबा यांच्याइतका फरक आहे. पण यंत्राची किंमत साध्या मॉनिटरइतकी किंवा त्याहून अधिक भरते आणि एकट्या पेढीला ते महिन्यातून एकदाच लागते. बाजारातल्या दहा पेढ्यांनी मिळून एक घ्यावे. आपल्याकडे लग्नाची भांडी आणि मंडप भागीत घेण्याची पद्धत आहे, तसेच हे. एका मॉनिटरला अर्धा तास पुरतो. एखाद्या हुशार मुलाला शिकवून, दर पेढीमागे त्याचा मोबदला ठरवून द्यावा, म्हणजे एका दिवसात साऱ्या बाजाराचे काम होईल.

त्या दिवशी आपल्या रंगाऱ्यालाही पेढीवर बोलवावे. पास झालेल्या प्रत्येक नमुन्याचे दोन तुकडे करावेत, दोन्हींवर तारीख आणि लॉट नंबर लिहावा, एक त्याच्या हातात द्यावा आणि दुसरा मॉनिटरशेजारी पाकिटात ठेवावा. फोटो पाठवण्याआधी मुलाने तो तुकडा पडद्याजवळ धरून पाहावा. तक्रार आली की पाकीट उघडायचे, आणि परत आलेली साडी व तो तुकडा घेऊन दोघांनी मिळून पायरीवर जायचे.